जवळचें राज्य

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामांत भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हांकडे जो विषय सोंपविण्यांत आला आहे, तो ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें नवल वाटलें असेल. आपलें देऊळ कसें उभें राहिलें, शाळा कशी निघाली, जुन्या पिढीनें कोणत्या हालअपेष्टांत श्रद्धा जतन केली, हें सांगणारे वक्ते आपण आतांच ऐकिले. आणि आम्ही मात्र उभे राहिलों आहों ते ग्रामपंचायत, महानगरपालिका, जिल्हा परिषद व राज्याची विधानसभा यांजविषयीं बोलावयास! देवळाच्या मांडवांत राजकारणाचें काय काम, असा प्रश्न कोणीं केला तर तो आम्ही रास्तच समजूं. म्हणून आरंभींच सांगून ठेवितों कीं, कोणत्या पक्षास मत द्यावें आणि कोणत्या पक्षास देऊं नये, यासंबंधीं एक अक्षरही आम्ही काढणार नाहीं. तो ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, जें राज्य आपल्या उंबरठ्याच्या सर्वांत जवळ आहे, तेंच आपल्या संसारांत सर्वांत खोलवर हात घालतें. तेथेंच आपल्या एकेकाच्या शब्दाला सर्वांत अधिक वजन असतें. आणि असें असून तेथेंच आपण सर्वांत कमी जातों.

एका साध्या दिवसाचा विचार करा. पहांटे नळाला पाणी येतें किंवा येत नाहीं. तें कोणत्या आळीला आधीं व किती वेळ द्यावयाचें, हें पालिका ठरविते. दारांतला कचरा उचलला जातो किंवा कुजत पडतो. गटार वाहतें किंवा तुंबतें. मूल ज्या वाटेनें शाळेस जातें ती वाट, रात्रीं जेथें दिवा असावयास हवा तो खांब, जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, घरपट्टी, बाजारांत टोपली मांडून बसणाऱ्या बाईची जागा, हें सर्व स्थानिक संस्थांच्या हातीं आहे. त्यांच्या वर राज्यशासन. भारताच्या घटनेच्या सातव्या परिशिष्टांत राज्यांच्या अधिकारांतील विषयांची जी यादी दिली आहे, ती आपण एकदां अवश्य वाचून पाहावी. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जमीन आणि खुद्द स्थानिक स्वराज्य हे विषय तींत आहेत. शिक्षण हाही मुळांत राज्याचाच विषय. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें तो केंद्र व राज्य या दोहोंच्या यादींत गेला, तरी आपल्या गांवची शाळा चालते ती मुख्यत्वें राज्याच्याच व्यवस्थेखालीं. तात्पर्य, सातबाराच्या उताऱ्यापासून पोलीस चौकीपर्यंत, आणि पाळण्यापासून दफनभूमीपर्यंत, सामान्य माणसाचा ज्या ज्या दारांशीं संबंध येतो, तीं बहुतेक दारें दिल्लीचीं नसून मुंबईचीं, पालघरचीं किंवा विरारचीं असतात.

असें असतां आपलें लक्ष कोठें असतें? वर्तमानपत्र उघडलें कीं आपण दिल्लीची बातमी प्रथम वाचतों. मोठ्या पुढाऱ्यांच्या भांडणांत रात्र रात्र रंगतों. पण आपल्या प्रभागाचा गेल्या वर्षाचा खर्च किती झाला, आणि तो कशावर झाला, असें कोणीं विचारिलें तर मान खालीं घालतों. आतां थोडा हिशेब करूं. पालघर लोकसभा मतदारसंघांत अठरा लाखांहून अधिक मतदार आहेत. तेथें आपलें मत म्हणजे भरतीच्या समुद्रांतील ओंजळ. वसई-विरार महानगरपालिकेच्या सभासदांची संख्या ११५ आहे, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणें तिच्या हद्दींतील लोकसंख्या सुमारें १२ लाख २२ हजार होती. म्हणजे त्या हिशेबानें सुमारें साडेदहा हजार माणसांमागें एक सभासद. आणि ग्रामपंचायत? तिचे सभासद कायद्यानें सातांहून कमी नाहींत व सतरांहून अधिक नाहींत. एकेका प्रभागांत मतदार कांहीं शें. तेथें एका आळीनें घरीं बसावयाचें ठरविलें तरी निकाल फिरतो. जेथें ओंजळीनें विहीर भरते तेथें आपण ओंजळ धरीत नाहीं, आणि जेथें समुद्र आहे तेथें मात्र आपण पाण्याची चर्चा करीत बसतों, हें शहाणपणाचें लक्षण खास नव्हे.

हा मार्ग आपल्या लोकांस नवा आहे असेंही नाहीं. १८८२ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्या काळीं मताचा हक्क मिळकतदार व सुशिक्षित अशा थोड्यांपुरताच होता. तरी त्या अरुंद दारांतूनही आपले कांहीं लोक आंत गेले आणि त्यांनीं नांव मिळविलें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत माणसें तापानें पटापट मरूं लागलीं. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या कॅथलिक वैद्यानें हा साधा ताप नसून गांठीचा प्लेग आहे हें ओळखिलें, आणि ती गोष्ट दाबून न ठेवितां पालिकेपुढें मांडिली. व्यापारावर जगणाऱ्या बंदरांत प्लेगचें नांव उच्चारणें कोणास रुचणार? पण अंधाऱ्या चाळी, तुंबलेलीं गटारें आणि उंदीर यांचा बंदोबस्त वैद्याच्या एकट्या औषधानें होत नाहीं. त्याला पालिकाच हलवावी लागते, हें त्यांनीं जाणिलें होतें. तेच व्हिएगस १९०६ सालीं मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले, आणि धोबीतलावावर त्यांचा पुतळा उभा आहे. दुसरें नांव जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा यांचें. त्यांचें घराणें भाइंदरजवळच्या उत्तनचें. जन्म १८६४ सालचा, माझगांवचा. लोकमान्य टिळकांचे ते सहकारी, आणि १९१६ सालीं स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष. देशाच्या स्वराज्याची भाषा बोलणाऱ्या या गृहस्थानें शहराचा कारभार हलका मानिला नाहीं. १९२५ सालीं मुंबईचें महापौरपद त्यांनीं भूषविलें. हे दोघेही आपल्या धर्माचे होते म्हणून आम्ही त्यांचीं नांवें घेत नाहीं. ते साऱ्या नगराच्या उपयोगीं पडले म्हणून घेतों.

आतां आपल्या वसईकडे वळूं. कारण स्थानिक कारभार म्हणजे काय, हें या भूमीइतकें दुसऱ्या कोणीं क्वचितच भोगिलें असेल. समुद्र एका बाजूला, खाड्या दुसऱ्या बाजूंना, आणि मध्यें केळीच्या, पानवेलीच्या व फुलांच्या वाड्या, अशी आपली ही पट्टी. हिचें गोड पाणी हा एक चमत्कारच आहे, आणि तो चमत्कार आपल्या पूर्वजांच्या हातांनीं घडला आहे. जागोजागीं त्यांनीं बावखलें खणिलीं. पावसाचें पाणी त्यांत साठून जमिनींत मुरतें, तें शेजारच्या विहिरीला येऊन मिळतें आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागें रेटतें. पुढें जमिनीला सोन्याचा भाव आला. कित्येक बावखलें भरावानें व कचऱ्यानें बुजलीं, आणि जेथें तीं बुजलीं तेथें विहिरींचें पाणी खारावल्याचा अनुभव आपणांस आहे. हें कोणा परक्या शत्रूनें केलें नाहीं. आपल्याच गांवचा कोणी भराव टाकीत होता, कोणी पाहत होता, आणि ज्या कचेरीनें थांबवावयाचें तिला विचारणारा कोणी नव्हता.

जमिनीचें भवितव्य ठरतें तें नकाशावरच्या रंगानें. एखादी पट्टी हिरवी दाखविली तर तेथें वाडी राहते; तोच रंग बदलून पिवळा झाला कीं इमारत उठते. १९८० नंतरच्या दशकांत वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींचें सावट पडलें, तेव्हां त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सर्वधर्मीय सहकारी यांनीं हरित वसईची चळवळ उभी केली. १९९० सालीं या प्रदेशाच्या नियोजनाचें काम शासनानें सिडकोकडे सोंपविलें. पुढें मुंबई महानगर प्रदेशाचा २०१६ ते २०३६ या काळाचा आराखडा निघाला, तेव्हां त्याच्या मसुद्यावर वसईच्या लोकांनीं हजारों हरकती नोंदविल्या. यांतील कायद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणें आराखड्याचा मसुदा आधीं प्रसिद्ध करावा लागतो, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि हरकतदारांस सुनावणी द्यावी लागते. परंतु ही मुदत थोड्या दिवसांची असते. जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत येते. नकाशा कचेरींत भिंतीवर लागतो. ज्यानें तो पाहिला आणि एक कागद लिहून दिला, त्याचें म्हणणें दप्तरांत राहिलें. ज्यानें पाहिला नाहीं, त्याची तक्रार पुढें दहा वर्षें चहाच्या दुकानांत राहिली. पाणी मुरावयाची व वाहावयाची जागा जेथें भरली जाते तेथें पाऊस घरांत शिरतो, हें २०१८ च्या जुलैंत आपण पाहिलें. नालासोपारा-वसई भागांत रेल्वेचे रूळ पाण्याखालीं गेले, गाड्या अडकल्या आणि वस्त्या अंधारांत राहिल्या. नकाशाच्या त्या खोलींत ठरलेली गोष्ट अशी कमरेइतक्या पाण्यानें घरीं येते.

दुसरी गोष्ट २००९ सालची. त्या वर्षीच्या ३ जुलै रोजीं चार नगरपरिषदा आणि पन्नासांच्या आसपास गांवें एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गांवांतून मोठें आंदोलन झालें. मोर्चे निघाले, लोकांनीं मार खाल्ला. आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकींत वसईच्या मतदारांनीं गांवांचा प्रश्न हातीं घेतलेल्या अपक्ष उमेदवारास निवडून दिलें. २०११ सालीं शासनानें २९ गांवें वगळण्याची अधिसूचना काढिली. तो वाद उच्च न्यायालयांत गेला आणि तेथें वर्षानुवर्षें रेंगाळला. गांवें महानगरपालिकेंत असावींत कीं नसावींत, याविषयीं या सभेंतही दोन मतें असतील, आणि असूं द्यावींत. मोठ्या संस्थेला मोठी नळयोजना करितां येते, अग्निशामक दल ठेवितां येतें, हें खरें आहे. पण जें गेलें त्याची किंमत आपणांस ठाऊक असली पाहिजे. ग्रामपंचायत होती तोंवर गांवची प्रत्येक मतदार व्यक्ति, मग ती पाटलाच्या घरची असो कीं मोलमजुरीची, ग्रामसभेची जन्मसिद्ध सभासद होती. तिला उभें राहून सरपंचाला जाब विचारितां येत होता. महानगरपालिकेंत मात्र आपला शब्द नगरसेवकाच्या तोंडूनच बोलला जातो. म्हणून ज्या गांवीं ग्रामसभा नाहीं, तेथें नगरसेवकावर लक्ष ठेवण्याचें काम दुप्पट झालें आहे, निम्मे नव्हे.

आणि तो नगरसेवकही नसेल तर? घटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्या १९९३ सालीं अमलांत आल्या. त्यांनीं पंचायती व पालिका यांची मुदत पांच वर्षांची ठरविली, आणि ती संपण्यापूर्वीं नवी निवडणूक झाली पाहिजे असें बंधन घातलें. तरीही आपल्या महानगरपालिकेची मुदत २०२० सालीं संपल्यावर पांच वर्षांहून अधिक काळ येथें लोकनियुक्त सभासदांवांचून प्रशासकाचा कारभार चालला. महामारी आली, मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयांत गेला, प्रभागांच्या रचना बदलल्या. कारणें अनेक होतीं. महाराष्ट्रांतील इतर कित्येक पालिकांची व जिल्हा परिषदांचीही हीच दशा होती. अखेर २०२५ सालच्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें या निवडणुका घेण्याचा आदेश दिला. प्रशासक कितीही कर्तव्यदक्ष असला तरी तो वरून नेमलेला असतो. तो शासनाला उत्तर देतो, आळीला नाहीं. आम्हांस यांत सर्वांत अधिक खुपलें तें हें कीं, इतकीं वर्षें आपलें प्रातिनिधित्व रिकामें राहिलें, तरी आपल्या घराघरांतून त्याविषयीं फारसा शब्दही उमटला नाहीं. घरांतील भांडें हरवलें तर आपण शेजार पालथा घालतों; मताचा हक्क पांच वर्षें खुंटीला टांगून राहिला, आणि आपण वाट पाहत बसलों.

कोणी म्हणेल, "गांवच्या कारभारानें असें मोठेंसें काय साधतें?" त्यास आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरेबाजार दाखवूं. पाऊस तोकडा, जमीन बोडकी, माणसें पोटासाठीं पुण्या-मुंबईकडे निघालेलीं, अशी त्या गांवची अवस्था होती. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, आणि ग्रामसभेनें कारभार हातीं घेतला. गांवानें श्रमदानानें चर खणिले, बांध घातले, झाडें राखिलीं. पण त्याहून मोठी गोष्ट केली ती ही कीं, पाण्याचा जमाखर्च मांडावयास आरंभ केला. दरवर्षी पाऊस किती झाला तें मोजावयाचें आणि त्यावरून कोणतें पीक घ्यावयाचें तें ग्रामसभेंत ठरवावयाचें. ऊस व केळी यांसारखीं फार पाणी पिणारीं पिकें नकोत, शेतीसाठीं बोअरवेल नकोत, असे निर्बंध गांवानें स्वतःच स्वतःवर घातले. सरकारी योजना शेजारच्या गांवांनाही होत्याच. भेद होता तो गांवानें सभेंत बसून स्वतःला नियम घालण्याच्या तयारीचा.

आणि राज्याच्या विधिमंडळानें काय साधतें, याचें उदाहरण रोजगार हमीचें. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें एक प्रयोग केला: जो काम मागेल त्याला काम द्यावयाचें. १९७२ च्या भयंकर दुष्काळांत या कल्पनेला बळ आलें, आणि १९७७ सालीं महाराष्ट्रानें तिचा कायदा केला. खर्चासाठीं शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांवर व्यवसाय कर बसविला; म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या वेतनांतून मराठवाड्यांतील मजुराच्या भाकरीची तजवीज झाली. पुढें २००५ सालीं संसदेनें साऱ्या देशासाठीं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हां महाराष्ट्राचाच अनुभव डोळ्यांपुढें होता. माहितीच्या अधिकाराचेंही तसेंच. महाराष्ट्राचा त्यासंबंधींचा कायदा २००२ सालचा, आणि देशाचा २००५ सालचा. दिल्लीला पोंचणारे कित्येक ओढे असे राज्यांच्या डोंगरांत उगम पावतात.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. ती गोड लागणार नाहीं. स्थानिक राजकारण म्हणजे केवळ आपल्या आळीला नळ मिळविणें नव्हे. वसई-विरारला जें पाणी येतें, त्याचा मोठा भाग सूर्या नदीवरील धामणीच्या धरणांतून येतो. तें धरण मुळांत विक्रमगड, डहाणू व पालघर या भागांतील शेती भिजावी म्हणून योजिलेलें होतें. त्या भागांत वारली व इतर आदिवासी बांधवांचीं शेतें आहेत. शहरें वाढलीं आणि पाण्याचा ओघ शहरांकडे वळला. आपल्या घरीं नळ सुटतो तेव्हां कोणाचें तरी शेत कोरडें राहत नाहीं ना, हें विचारणेंही आपल्या नागरिकपणांत येतें. जो समाज पालिकेंत केवळ स्वतःपुरतें मागतो, तो संख्येनें थोडा असल्यास हरतो आणि पुष्कळ असल्यास अन्याय करितो. आपण ख्रिस्ती आहों म्हणून आपल्या माणसालाच मत, हा विचार आम्हांस मान्य नाहीं. जो आदिवासीच्या पाड्यालाही पाणी मागेल, तो आपला माणूस.

"राजकारण घाणेरडें आहे, सज्जनांनीं त्यापासून दूर राहावें," हा आक्षेप आम्ही वर्षानुवर्षें ऐकत आलों आहों. घाण आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण गटार तुंबलें तर आपण दार लावून बसत नाहीं, कुदळ घेतों. सज्जन दूर राहिले तर राजकारण थांबत नाहीं. तें केवळ त्यांच्यावांचून चालतें, आणि घरपट्टी मात्र त्यांच्याकडूनही वसूल होते. खुद्द दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं आधुनिक जगाविषयीं जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत लोकहितासाठीं सार्वजनिक कार्याचें ओझें वाहणाऱ्यांचा गौरवच केला आहे. यास्तव श्रद्धेच्या नांवाखालीं घरीं बसण्याची सोय आपणांस उरलेली नाहीं.

आतां करावयाचें काय? मोठमोठ्या गोष्टी आम्ही सांगत नाहीं. जेथें अद्याप ग्रामपंचायत आहे, तेथील मंडळींनीं ग्रामसभेला जावें, आणि वेळेवर जावें. कायदा असा आहे कीं, सभेच्या गणपूर्तीस गांवच्या मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके लोक हजर पाहिजेत. तितके जमले नाहींत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हां भरते तेव्हां गणपूर्तीचें बंधन राहत नाहीं. हें दृश्य कोणीं पाहिलें नाहीं? सभेची वेळ सकाळची. मोजकींच माणसें येतात. घड्याळ पाहून सभा तहकूब होते. आणि मग दहा-बारा जणांच्या समक्ष साऱ्या गांवचा वर्षाचा आराखडा मंजूर होतो. त्या दहा-बारांना दोष देण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ते निदान आले होते. २०१५ ते २०२० या पांच वर्षांत चौदाव्या वित्त आयोगाचें ग्रामीण अनुदान केवळ ग्रामपंचायतींनाच मिळालें. तो पैसा कोणत्या कामास लावावयाचा, हें अशाच सभांतून ठरलें.

जेथें महानगरपालिका आहे, तेथील मंडळींनीं आपल्या प्रभागाचें अंदाजपत्रक मागून वाचावें. तें मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपये शुल्क लागतें, आणि तीस दिवसांच्या आंत उत्तर देणें कायद्यानें भाग आहे. मतदार यादींत आपलें, आपल्या नव्या सुनेचें आणि अठरा वर्षें पूर्ण झालेल्या मुलाचें नांव आहे कीं नाहीं, तें निवडणुकीच्या आदल्या दिवशीं नव्हे, आजच पाहावें. आराखड्याची किंवा रस्तारुंदीची नोटीस निघाली तर ती एकानें वाचून आळींतल्या सर्वांस समजावून सांगावी. आपल्या धर्मग्रामांत शिकलेलीं मुलें पुष्कळ आहेत; वृद्धांचा अर्ज लिहून देणें हें काम त्यांनीं अंगावर घ्यावें. हें सर्व करावयास मोठा पैसा लागत नाहीं, पक्ष लागत नाहीं आणि भाषणही लागत नाहीं.

भगिनींनो, आपणांस आमची विशेष विनंति आहे. महाराष्ट्रांत २०११ पासून स्थानिक संस्थांतील अर्ध्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत, आणि गांवच्या ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याची तरतूद आहे. पाण्याचा हंडा, रेशनचें दुकान, मुलाची शाळा आणि आजाऱ्याचा दवाखाना या चारही वाटा रोज आपण तुडवितां. मग या गोष्टींवर बोलण्यास आपणांहून अधिक अधिकारी कोण? मात्र जागा पत्नीच्या नांवावर आणि खुर्ची पतीच्या ताब्यांत, हा प्रकार आपल्या गांवांत तरी चालूं देऊं नका. आणि पुरुषमंडळींनींही, घरची लेक निवडणुकीस उभी राहते म्हणाली तर, लोक काय म्हणतील हा प्रश्न तिच्यापुढें टाकूं नये.

बंधुभगिनींनो, हें देऊळ ज्यांनीं बांधिलें त्यांनीं कोणी येऊन आपल्यासाठीं बांधून देईल अशी वाट पाहिली नाहीं. कोणीं दगड वाहिले, कोणीं चुना मळला, कोणीं वाडींतल्या केळ्यांचे घड विकून पैसे दिले. आणि हिशेबही त्यांनीं मागितला, कारण पैसा सर्वांचा होता. गांव, पालिका व राज्य हींही सर्वांच्या पैशानें बांधलेलीं घरें आहेत. तेथें हिशेब मागणें हा उद्धटपणा नव्हे. न मागणें हा आळस आहे. पुढल्या ज्युबिलीला जीं मुलें या मांडवांत बसतील, त्यांना आपण किती मोठें देऊळ ठेविलें हें तर तीं पाहतीलच. पण विहिरीला गोड पाणी ठेविलें कीं नाहीं, हेंही तीं विचारतील. त्या प्रश्नाचें उत्तर आजच्या या सभेंतून नव्हे, तर पुढच्या ग्रामसभेंतून आणि प्रभागांतून दिलें जाईल.